खोली नीट काढली, पण संध्याकाळ काही उतरेना

कातरवेळ:
नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण एका चित्रापाशी पार अडकलेय.

चित्र असं आहे. एक खोली, संध्याकाळ, खिडकीबाहेर अंधारून यायला लागलंय, आत टेबल, टेबलावर दिवा, एक खुर्ची, भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट, खाली गालिचा. माणूस कोणी नाही. मला त्यात ती वेळ हवी होती, दिवा नुकताच लावलाय आणि घरातलं एक माणूस अजून यायचंय, तशी. तीन आठवडे रोज रात्री बसून टॅबलेटवर काढलंय, पर्स्पेक्टिव्ह दोनदा तपासलं, लाकडाच्या रेषा, पुस्तकांच्या पाठी, पडद्याच्या चुण्या, एकेक करून सगळं. आणि लांबून बघितलं तर फर्निचरच्या कॅटलॉगमधलं पान वाटतंय. बहिणीला दाखवलं तर ती म्हणाली, छान आहे गं, पण इथे कोणी राहत नाही ना? तिने सहज विचारलं, मला मात्र ते लागलं कारण ते खरं होतं.

केलं कसं तेही सांगते. आधी लाइन आर्ट, म्हणजे नुसत्या रेषा, मग प्रत्येक वस्तूचा बेस रंग वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकावर, पडदा पांढरा, लाकूड तपकिरी, भिंत पिवळट. मग मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडवर, करडी सावली. आणि शेवटी संध्याकाळ वाटावी म्हणून सगळ्याच्या वर एक केशरी लेयर, ओव्हरले मोड (खालच्या रंगांत मिसळणारा), ओपॅसिटी म्हणजे थराचा दाटपणा ३० टक्के. ओपॅसिटी वाढवली की चित्र भाजल्यासारखं दिसतं, कमी केली की पुन्हा कॅटलॉग. मधे कुठेतरी बरोबर जागा असेल म्हणून तो स्लायडर इकडून तिकडे करत बसलेय आणि आता डोळ्यांना काहीच कळेनासं झालंय.

रंगात चुकतंय की वस्तूंमध्ये? की आणखी काहीतरी घालायला हवं? मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही.

शाईचा डाग:
कातरवेळ, तुम्ही जे लिहिलंय त्यातच गोम आहे. पडदा पांढरा, लाकूड तपकिरी, भिंत पिवळट असं आधी ठरवलंत आणि मग वरून उजेड ओतलात. डोळ्याला असं कधी दिसतच नाही. संध्याकाळच्या खोलीत पांढरा पडदा पांढरा नसतो, तो पांढरा 'आहे' हे आपल्याला माहीत असतं एवढंच, दिसताना तो खिडकीच्या बाजूने निळसर राखी आणि दिव्याच्या बाजूने साईसारखा नाहीतर चक्क केशरी असतो.

खात्री करायची तर एक जुना उपाय आहे. जाड कागदाला पेन्सिलीने भोक पाडायचं, हात लांब करून एका डोळ्याने त्या भोकातून पडद्याचा एक तुकडाच बघायचा. आजूबाजूचं झाकलं गेलं की मेंदूला 'हा पडदा आहे' म्हणायला जागा राहत नाही आणि जो रंग समोर येतो तो बघून मी पहिल्यांदा अक्षरशः दचकलो होतो. मी पांढरा म्हणून जे रंगवत आलो होतो ते भोकातून बघितलं तर मळकं जांभळट होतं.

आता तुमच्या खोलीचं बोलू. तिथे उजेड एक नाही, दोन आहेत. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, मेणबत्ती साधारण १९००, साधा पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० आणि नुसत्या निळ्या आकाशाचा उजेड १०००० च्याही पुढे जाऊ शकतो. आकडा मोठा तितका उजेड निळा. म्हणजे तुमच्या टेबलावर २७०० चा दिवा आणि खिडकीतून येतंय ते त्याच्या कितीतरी पुढचं निळं. हे दोघं त्या खोलीत एकमेकांशी झगडतायत आणि संध्याकाळ म्हणतात ती त्या झगड्यालाच. तुम्ही सगळ्यावर एकच केशरी पसरल्यामुळे झगडा मिटला आणि वेळ गेली.

दुसरं म्हणजे ओव्हरलेचा थर सगळीकडे सारखा बसतो, रंगीत काचेचा चष्मा लावल्यासारखा. खऱ्या उजेडाला दिशा असते आणि तो लवकर दमतो. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्साच उरतो, तिप्पट झालं की नववा. त्यामुळे दिव्याखालचं टेबल आणि लांबचं कपाट यांवर सारखंच केशरी असणं शक्य नाही. कपाटाच्या लांबच्या टोकाला दिवा पोचतच नाही म्हणा ना, तिथे खिडकीचं राज्य.

मी काय करतो सांगतो. आधी अख्खी खोली दिवा न लावता रंगवतो. फक्त खिडकी. सगळं निळं राखी, मंद, थोडं कंटाळवाणं दिसलं तरी चालेल. ते नीट जमलं की मग वेगळ्या लेयरवर दिवा लावतो, त्या लेयरचा मास्क, म्हणजे तिला झाकणारा पडदा, काळा करून त्यात मऊ ब्रशने फक्त दिवा जिथे पोचेल तिथेच उघडत जायचं. सावलीचा रंग मग आपोआप सुटतो, कारण दिवा जिथे अडला तिथे खालचं निळं तसंच राहतं. करड्या मल्टिप्लायची गरजच पडत नाही.

रेघोट्या:
वाचतेय. माझंही हेच होतं अगदी, केशरी लेयर आणि स्लायडर.

टोकदार:
शाईच्या डागांशी सहमत, पण त्याच्या आधीची पायरी राहतेय. चित्र ग्रेस्केल करून बघितलंत का? माझा अंदाज आहे की करड्यात बघितलं तर पडदा, भिंत आणि दिव्याची शेड सगळे एकाच उजळपणाचे निघतील. तसं असेल तर रंग कितीही बदला, दिवा लागलेला दिसणारच नाही.

आणि बघताना एक काळजी घ्या. पुष्कळ जण सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, शून्यावर ओढतात आणि म्हणतात व्हॅल्यू, म्हणजे उजळ-गडदपणा, तपासली. बऱ्याच अॅपमध्ये ते फसवं असतं, तिथे भडक पिवळा आणि भडक निळा एकाच करड्या रंगाचे होतात. डोळ्याला पिवळा किती उजळ आणि निळा किती गडद दिसतो ते आपल्याला माहितेय. स्क्रीनच्या रंगांचं डोळ्याच्या हिशेबाने वजन मांडतात तेव्हा उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७ धरतात. म्हणून शुद्ध निळ्याने भरलेला भाग कितीही झगझगीत असला तरी चित्रात तो अंधारातच जमा होतो. सगळ्यात वर एक काळ्याने भरलेली लेयर घ्यायची, तिचा मोड कलर करायचा, म्हणजे खालचे रंग जाऊन नुसता उजळपणा करड्यात दिसतो, आणि ती चालू-बंद करत काम करायचं. फोटोशॉप, क्रिटा, प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ या चित्र काढायच्या अॅप सगळ्यांत हा मोड आहे.

संध्याकाळच्या खोलीत सगळ्यात उजळ जागा एकच असावी असं माझं मत, आणि तीही हाताच्या तळव्याएवढी. खिडकी आणि दिवा दोन्ही सारखेच उजळ ठेवलेत तर बघणाऱ्याला कळत नाही दिवस जिंकतोय की रात्र. कुणालातरी झुकतं माप द्या. दिवा नुकताच लावलाय म्हणताय ना, मग खिडकी अजून थोडी वरचढ असेल, आकाशात उजेड शिल्लक आहे, दिव्याचा गोल छोटा आहे. उशीर झालेला दाखवायचा तर उलट. एवढ्या एका गोष्टीने चित्रातलं घड्याळ अर्धा तास पुढे-मागे होतं.

निवांत:
मस्त धागा! एक छोटी सूचना, रात्री काम करत असाल तर टॅबलेटचा नाइट मोड बंद आहे ना ते बघा आधी. मी एक अख्खं पावसाचं चित्र तो चालू ठेवून केलं होतं. स्क्रीन पिवळट झालेली, ते भरून काढायला मी निळा वाढवत गेलो, आणि सकाळी बघतो तर चित्रातली माणसं बर्फात गोठल्यासारखी निळी. आठ तासांचं काम होतं. तेव्हापासून नाइट मोड आणि तो खोलीच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग आपोआप बदलणारा पर्याय, दोन्ही बंद करूनच पेन हातात घेतो.

अडगळीची खोली:
रंगाचं वर छान आलंय, मी वस्तूंबद्दल लिहिते कारण बहिणीचा प्रश्न मला वस्तूंचा वाटला. इथे कोणी राहत नाही ना, असं तिने विचारलं. खोलीत राहणारं माणूस दिसतं ते वस्तू किती आहेत त्यावरून नाही, त्या वापरल्या गेल्यात का त्यावरून.

आजी गेल्यावर मी तिची खोली काढली होती. आजीला काढायचं नाही हे पक्कं होतं, माझ्याच्याने ते झालंही नसतं. पहिल्या स्केचमध्ये पलंग, कपाट, खिडकी, देखणी वगैरे, आणि ती कुणाचीही खोली होती. मग मी फोटो बाजूला ठेवले आणि डोळे मिटून नुसतं आठवत बसले की त्या पलंगाशेजारच्या स्टुलावर काय काय असायचं. चष्मा. त्याची एक काडी सैल झालेली आणि तिला पांढरा दोरा गुंडाळलेला, त्या दोऱ्याचं टोक कधीच नीट कापलेलं नसायचं. आणि गोळ्यांची पट्टी. दहाची पट्टी, त्यातली सात घरं फुटलेली, चंदेरी कागद आत दबलेला, तीन गोळ्या शिल्लक.

त्या तीन गोळ्या काढताना मी रडले. पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की ते चित्र मी कुणालाही काही न सांगता दाखवते आणि बघणारा त्या पट्टीपाशी थांबतो. कुणीतरी रोज एक गोळी घेत होतं आणि मग थांबलं, हे त्याला तिथेच कळतं. अख्खी पट्टी काढली असती तर ते फक्त औषध असतं, रिकामी काढली असती तर कचरा. सात आणि तीन यात गोष्ट आहे.

तर कातरवेळ, तुमच्या खुर्चीकडे बघा. टेबलाखाली नीट सरकवलेली आहे का? असणार, कारण पर्स्पेक्टिव्हला ते सोपं जातं. माणूस उठून जातं तेव्हा खुर्ची मागे सरकते आणि थोडी वळते, ज्या बाजूला तो माणूस गेला त्या बाजूला. गालिच्याची कड एका जागी दुमडलेली असते कारण तिथून रोज पाय जातो. पुस्तकांच्या कपाटात एक पुस्तक आडवं असतं आणि त्याची जागा मोकळी असते, शेजारची त्यात कललेली असतात. दाराच्या मुठीभोवतीचा रंग घासलेला असतो. हे सगळंच घालू नका, त्यातलं एक किंवा दोन, पण तुम्हाला जे माणूस यायचंय त्याचंच असावं. ते कोण आहे हे आधी ठरवा. आपल्याला तेच माहीत नसेल तर वस्तू मुक्याच राहतात.

व्हॅन गॉगने १८८८ च्या अखेरीस दोन खुर्च्या रंगवल्या, एक स्वतःची आणि एक चित्रकार मित्राची, पॉल गोगँची. स्वतःची साधी पिवळी लाकडी, गवताने विणलेल्या बैठकीची, तिच्यावर पाइप आणि तंबाखू, दिवसाच्या उजेडात. गोगँची हातांची, डौलदार, बैठकीवर पेटलेली मेणबत्ती आणि पुस्तकं, रात्रीची, लाल आणि हिरव्यात. दोन्हीत माणूस नाही आणि दोन्ही चित्रं माणसांचीच आहेत. मला डिजिटलवाल्यांनी ही दोन चित्रं शेजारीशेजारी लावून रोज बघावीत असं फार वाटतं.

कातरवेळ:
अडगळीची खोली, तुमचा प्रतिसाद वाचून उठून पाणी प्यायले. खुर्ची नीट सरकवलेलीच आहे. पुस्तकंही सगळी एका उंचीत. माझ्या चित्रात कोण येणार आहे हे मला खरंच माहीत नव्हतं, 'कोणीतरी' होतं. यावर विचार करते.

कोरा कागद:
थोडं वेगळं मत मांडतो. वस्तूंनी गोष्ट सांगायचा सल्ला बरोबरच आहे पण हल्ली त्याचा अतिरेक बघतोय मी. वाफाळता कप, खिडकीत मांजर, काचेवर पावसाचे थेंब, दिव्यांची माळ, उघडं पुस्तक, त्यावर चष्मा, कुंडीत रोप, आणि सगळ्यावर एक उबदार ग्लो. यातलं प्रत्येक गोड आहे पण एवढी सगळी एकत्र आली की ती त्या खोलीतली राहत नाहीत, बाहेरून आणून मांडलेली होतात. बघणाऱ्याला 'इथे तुला छान वाटायला हवं' असा हुकूम केल्यासारखं होतं आणि मग काही वाटत नाही.

विल्हेल्म हॅमरशॉयची चित्रं बघा. डॅनिश चित्रकार, १८९८ ते १९०९ तो कोपनहेगनला स्ट्रँडगेड ३० या पत्त्यावर राहिला आणि तीच घरातली दालनं पुन्हा पुन्हा रंगवत गेला. करडे रंग, उघडी दारं, भिंतीवर पडलेला खिडकीचा चौकोन, कधी पाठमोरी बाई, कधी तीही नाही. वस्तू जेमतेम. तरी त्या चित्रांसमोर माणूस आवाज खाली करून बोलतो. तिथे वातावरण आलंय ते काढून टाकण्यातून, आणि करड्या करड्यातला फरक इतका बारीक ठेवण्यातून की डोळ्याला हळू व्हावंच लागतं.

म्हणून कातरवेळ, काही घालण्याआधी काढून बघा. गालिचा लागतोय का? कपाट अख्खं दिसायलाच हवं का, की नुसती त्याची कड पुरे?

अडगळीची खोली:
कोरा कागद, मांडलेल्या वस्तूंबद्दल शंभर टक्के पटलं. फक्त एक, हॅमरशॉयकडे वस्तू कमी आहेत पण ज्या आहेत त्या त्याच त्याच घरातल्या आहेत, तो त्यांच्यासोबत राहत होता. म्हणून पुरतात. आणि तयार ब्रश पॅकमधलं पान किंवा आयता कप स्टॅम्पसारखा उमटवला की तो पोकळ दिसतो तेही त्यामुळेच. आपल्याच टेबलावरचा कप उचलून काढा, त्याला टवका असेल.

कोरा कागद:
हो, हे मान्य. टवका आपलाच हवा.

रेघोट्या:
मधेच विचारतेय, उदास चित्र म्हणजे निळं आणि आनंदी म्हणजे पिवळं असं पॅलेटच्या तक्त्यात दिलेलं असतं, त्याचा काही उपयोग आहे का? मी ते पाळते पण माझी उदास चित्रं नुसती निळी दिसतात, उदास नाही.

शाईचा डाग:
माझ्या मते फार नाही. वर व्हॅन गॉगचा विषय निघालाच आहे तर त्याचंच बघा. १८८८ च्या सप्टेंबरात त्याने रात्रीच्या कॅफेचं चित्र काढलं आणि भावाला लिहिलं की लाल आणि हिरव्यातून माणसाच्या भयंकर वासना दाखवायचा प्रयत्न केलाय. पुढच्याच महिन्यात स्वतःच्या झोपायच्या खोलीचं काढलं, त्यातला पलंग लोण्यासारखा पिवळा, पांघरूण भडक लाल, आणि त्याबद्दल लिहिलं की रंगांतून विश्रांती, झोप सुचवायची आहे. लाल दोन्हीकडे आहे. एकीकडे तो सगळ्या भिंतींवर चढून अंगावर येतो, दुसरीकडे पलंगावर पसरून राहतो. रंगाला नुसता स्वभाव नसतो, शेजार असतो. तुमचं चित्र नुसतं निळं दिसतंय कारण त्यात निळ्याला शेजारच नसेल. एखादा मळका उबदार तुकडा ठेवून बघा, लांब कुठेतरी, पोचता येणार नाही असा. मग निळा बोलायला लागेल.

कातरवेळ:
चार दिवसांनी येतेय. अख्खी खोली पुन्हा रंगवली, आधी दिवा न लावता. खरं सांगते, दिवा लावायच्या आधीच ती खोली पहिल्यांदा खोली वाटली. मग मास्कमध्ये दिवा उघडत गेले आणि टेबलाच्या कडेशी तो निळ्याला भिडला तेव्हा हात थांबला माझा, इतकं बरं वाटलं.

टोकदार, तुमचा अंदाज खरा निघाला, करड्यात पडदा, भिंत आणि शेड एकच होते. आता खिडकी एक पायरी वर आहे. गालिचा गेला. कपाटाची फक्त कड उरलीय.

एक गोष्ट मात्र कळत नाहीये. दिव्यामागची भिंत मी शुद्ध करड्या रंगाची केलीय, कलर पिकरने, म्हणजे रंगाचे आकडे दाखवणाऱ्या टूलने, तीनदा बघितलं, सॅच्युरेशन शून्य आहे, तरी चित्रात ती निळी दिसते. स्क्रीन बिघडलीय का?

शाईचा डाग:
स्क्रीन उत्तम आहे, आणि ही खूण चांगली आहे! केशरीच्या शेजारी करडा ठेवला की डोळा त्यात निळा भरतो. यावर मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. तो पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई बघायचा, तिथे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका पडतो. त्याने काळी लोकर तपासली तर तीत काही दोष नव्हता, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. तुमच्या भिंतीचं तेच. आणि याचा फायदा घ्या, संध्याकाळच्या चित्रात निळा फार लागत नाही, करडाच पुष्कळ काम करतो. खरा निळा राखून ठेवा, खिडकीबाहेरच्या आकाशासाठी. सगळीकडे खरा निळा घातलात तर आकाशाचं काही वेगळेपण उरणार नाही.

निवांत:
याच अंगाने माझा एक प्रश्न. संध्याकाळ नाही, पूर्ण रात्र दाखवायची असेल तर? मी काळा वापरतो आणि सगळा चिखल होतो.

टोकदार:
काळा वापरू नका, निदान पसरून तरी नको. अंधारात डोळा वेगळ्याच पेशींवर चालतो, त्यांना रंग जवळजवळ कळत नाही आणि लाल तर अगदीच कमी दिसतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखतात, उजेडात लाल फूल पानांपेक्षा उठून दिसतं आणि अंधारून आलं की तेच काळपट होतं, पानं त्या मानाने फिकट दिसायला लागतात. म्हणजे रात्रीच्या चित्रात लाल वस्तू सगळ्यात आधी बुडवायच्या, निळे-हिरवे थोडे वर राहू द्यायचे, सॅच्युरेशन एकूणच खाली. चांदणं मोजलं तर उन्हापेक्षा किंचित पिवळटच असतं, निळं ते आपल्याला वाटतं. आणि कडा! रात्री कडा धारदार दिसत नाहीत. टेबलाचा पाय आणि त्यामागचा अंधार यांच्यातली रेघ पुसून टाका, एकमेकांत जाऊ द्या. बघणारा तो पाय स्वतः पुरा करतो आणि तेवढा वेळ तो तुमच्या खोलीत असतो.

सगळ्यात गडद रंगसुद्धा शून्यावर नेऊ नका. थोडा वर, थोडा निळा-जांभळा. अंधारातही हवा असते.

निवांत:
लाल बुडवायचं हे कधी सुचलंच नसतं. आज रात्रीच बसतो.

कातरवेळ:
परत आले. ते माणूस ठरलं. बाबा. आम्ही शाळेत होतो तेव्हा त्यांची दुसरी पाळी असायची आणि ते घरी यायच्या वेळेला आई टेबलावरचा दिवा लावून ठेवायची, बाकी घरात अंधार. इतकं साधं होतं आणि मी तीन आठवडे कुणाच्यातरी कपाटातली पुस्तकं काढत बसले होते.

आता टेबलावर काही नाही, दिवा सोडून. खुर्ची मागे सरकवलीय, दाराच्या बाजूला थोडी वळवून, म्हणजे कुणीतरी वाट बघता बघता आत्ताच उठून गेलंय, आईच. खुर्चीच्या पाठीवर आईचा स्वेटर, त्याच्या एका बाहीचं कोपर बाहेर आलेलं, अजून हाताच्या आकारात. तो मी आधी लाल काढला होता कारण तो लालच होता, मग टोकदारांचं वाचलं आणि दिव्याकडची बाजू तेवढी लाल ठेवून बाकीचा जवळजवळ काळपट तपकिरी केला. आणि टेबलाचा ड्रॉवर दोन बोटं उघडा. तो आमचा कधीच पूर्ण बंद व्हायचा नाही, लाकूड फुगलं होतं त्याचं.

बहिणीला काही न सांगता पाठवलं. तिचा फोन आला, म्हणाली, ड्रॉवर.

अडगळीची खोली:
किती छान, कातरवेळ. स्वेटरचं कोपर मला दिसतंय इथे.

शाईचा डाग:
फार सुंदर. एक बारीकसं सांगू का, ड्रॉवर दोन बोटं उघडा आहे म्हणताय आणि दिवा त्याच टेबलावर आहे. टेबलाच्या वरच्या फळीमुळे ड्रॉवरच्या आत दिवा पोचणार नाही, आतला भाग पूर्ण निळ्यातला हवा. पण ड्रॉवर जेवढा बाहेर आलाय तेवढ्या त्याच्या वरच्या कडेवर उजेड पडेल. केसाएवढी केशरी रेघ, दिव्याच्या बाजूला जाड, लांब जाताना विरत जाणारी. ती आहे का?

कातरवेळ:
नव्हती. आत्ता टाकली, तीन पिक्सेलच्या ब्रशने. उजवीकडे विरवताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली.